कॉम्पॅक्ट पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग: कधी बदलायची, कोणती घ्यायची, कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाती ९ मिमीचं छोटं पिस्तूल आहे, तेही वापरलेलं घेतलेलं. आधीच्या मालकाने त्यातून किती फैरी झाडल्या याचा पत्ता नाही. अलीकडे स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पुढे मिटताना अधूनमधून शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडकते, अंगठ्याने ढकलली की मिटते. रिकाम्या पुंगळ्याही पूर्वीपेक्षा लांब जाऊन पडतात. तर स्प्रिंग बदलावी का, बदलायचीच तर एक पायरी जास्त ताकदीची घ्यावी का, आणि हे घरी जमेल का?

बदला. जास्त ताकदीची घेऊ नका. घरी जमेल, पण पिस्तूल रिकामं करण्याच्या बाबतीत आळस करणाऱ्याने या कामाला हात लावू नये.

आता कारणं. रिकॉइल स्प्रिंग म्हणजे धक्का झेलणारी स्प्रिंग, असा समज तिच्या नावामुळे झाला आहे. धक्क्यातला काही भाग ती घेते हे खरं, पण लॉक होणाऱ्या नळीच्या (फैरीच्या क्षणी नळी स्लाइडशी जखडलेली असते अशा) पिस्तुलात स्लाइडला मागे जाताना मुख्य अडथळा असतो तो स्लाइडच्या स्वतःच्या वजनाचा. गोळी नळीबाहेर पडते तेव्हा स्लाइड जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असते. स्प्रिंगचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. मागे गेलेली स्लाइड परत आणायची, वाटेत मॅगझिनमधलं वरचं काडतूस ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) ढकलायचं, एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाचा, आकडा काडतुसाच्या कडेवर चढवायचा, नळी वर उचलून लॉक करायची आणि स्लाइड तिथे घट्ट दाबून ठेवायची. शेवटचे काही मिलिमीटर सगळ्यात अवघड, कारण तिथे घर्षण सर्वाधिक असतं आणि स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी उरलेला असतो. स्लाइड मिटलेली असतानाही स्प्रिंग काही प्रमाणात दाबलेलीच असते. थकलेल्या स्प्रिंगमध्ये हा शिल्लक ताण कमी पडला की त्याचा पहिला परिणाम तिथेच दिसतो. तुमची स्लाइड जिथे अडकते, नेमकी तीच ही जागा.

छोट्या पिस्तुलात हे लवकर का होतं, ते १९११ जातीच्या (कोल्टच्या जुन्या लष्करी) पिस्तुलावरून चांगलं समजतं. त्याच्या मूळ १२७ मिमी नळीच्या .४५ आवृत्तीला साधारण १६ पौंडांची, म्हणजे सुमारे सव्वासात किलोची, स्प्रिंग लागते. कमांडर नावाच्या आखूड आवृत्तीत, जिची नळी १०८ मिमी आहे, ती १८ पौंडांवर जाते. १९८५ साली कोल्टने ८९ मिमी नळीचं ऑफिसर्स मॉडेल काढलं तेव्हा एका स्प्रिंगवर भागलं नाही, एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा द्याव्या लागल्या. या मापाच्या पिस्तुलांत ताकद बावीस-चोवीस पौंडांच्या आसपास असते. काडतूस तेच, धक्का तोच, पण स्लाइड हलकी झाली, तिचा प्रवास आखूड झाला आणि स्प्रिंगला मिळणारी जागाही कमी झाली. म्हणजे कमी लांबीच्या तारेकडून जास्त काम करून घ्यायचं. प्रत्येक फैरीला ती तार जवळजवळ शेवटपर्यंत दाबली जाते, आणि स्प्रिंगला थकवा येतो तो यानेच. नुसतं दाबून ठेवल्याने चांगली स्प्रिंग फारशी मरत नाही. पुन्हा पुन्हा दाबल्या-सुटल्याने मरते. त्यामुळे पिस्तूल वर्षभर कपाटात पडून होतं म्हणून स्प्रिंग नवी राहिली असेल की जुनी झाली असेल, या वादात अर्थ नाही. फैरी किती झाल्या ते विचारा.

आकड्यांचं म्हणाल तर सर्व पिस्तुलांना लागू पडेल असा एक आकडा नाही, निर्मात्याची पुस्तिकाच खरी. अंदाज यावा म्हणून सांगतो: सिग पी३६५ हे अगदी छोटं ९ मिमी पिस्तूल, त्याची स्प्रिंग असेंब्ली (स्प्रिंग आणि ती ज्यावर बसते तो गाइड रॉड, असा संच) २५०० फैरींनी बदलावी असं निर्माता सांगतो. पूर्ण मापाच्या पिस्तुलात हाच पल्ला बहुधा याहून बराच लांब असतो, तर तोकड्या .४५ पिस्तुलांत हजाराच्याही आत येऊ शकतो. जास्त दाबाची काडतुसं वापरत असाल तर आकडा आणखी खाली आणा. ९ मिमीच्या साध्या काडतुसासाठी कमाल दाबाची अमेरिकी मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, प्लस पी, म्हणजे जास्त दाबाच्या, काडतुसाची ३८,५००. फरक दहा टक्के, पण स्लाइड मागे जाऊन फ्रेमवर (मुठीसकटच्या खालच्या सांगाड्यावर) आदळते त्या वेगात तो जाणवतो.

तुमच्या बाबतीत तर फैरींचा हिशोबच नाही. वापरलेलं पिस्तूल घेतलं की रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा सरळ बदलायच्या आणि शून्यापासून मोजायला लागायचं, हा माझा नियम आहे. पिस्तुलाच्या किमतीच्या मानाने स्प्रिंग कवडीमोलाची असते. ती वाचवण्यासाठी फ्रेमला मार खाऊ देणं हा तोट्याचा व्यवहार.

तरीही स्प्रिंगवर खापर फोडण्याआधी बाकीचे संशयित तपासून घ्या. स्लाइड न मिटण्याची माझ्या पाहण्यातली बरीच प्रकरणं स्प्रिंगची नव्हतीच. चेंबरमध्ये जळक्या दारूचा थर साचलेला असतो. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली कचरा दाबून बसलेला असतो. काडतूस मापात नसतं. चेंबर स्वच्छ केल्यावर नळी सोडवून काडतूस हाताने चेंबरमध्ये सोडून पाहावं, ‘टक्’ आवाज करून आत बसलं पाहिजे आणि उलटं धरल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे. ही चाचणी नळी पिस्तुलातून पूर्ण वेगळी काढूनच करायची, जोडलेल्या पिस्तुलात कधीही नाही. आणखी एक कारण म्हणजे ढिली मनगटं, विशेषतः हलक्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलात: पिस्तूलच हाताबरोबर मागे आलं तर स्लाइडला पूर्ण प्रवास मिळत नाही. मात्र त्यात पुंगळ्या लांब उडत नाहीत, उलट जवळ पडतात किंवा स्लाइडमधल्या बाहेर पडायच्या दारातच अडकतात. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं एकत्र दिसताहेत, स्लाइड मिटत नाही आणि पुंगळ्याही लांब जातात. ही जोडी बहुतेक वेळा थकलेल्या स्प्रिंगचीच असते.

ग्लॉकसारख्या स्ट्रायकरच्या (घोड्याऐवजी आतली सरकती पिन काडतुसावर आदळते अशा) पिस्तुलांसाठी एक सोपी तपासणी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला तिरकी वर धरा, ट्रिगर दाबून तसाच दाबलेला ठेवा. दुसऱ्या हाताने स्लाइड पूर्ण मागे ओढा आणि हळूहळू, हाताने धरूनच, पुढे सोडा. चांगल्या स्प्रिंगने स्लाइड स्वतःच पूर्ण मिटायला हवी. मध्येच थबकली तर स्प्रिंग बाद. इतर जातींच्या पिस्तुलांत ही तपासणी नेमकी इतकी बोलत नाही, पण अंदाज देते.

जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी पाहणं हा लोकांचा आवडता उद्योग. फरक दिसला तर कळतं, नाही दिसला तर काहीच कळत नाही. लांबी टिकवूनही स्प्रिंग जोर गमावू शकते. शिवाय नवी स्प्रिंगही सुरुवातीच्या काही दाबांत थोडी आखूड होते आणि मग स्थिरावते, तेव्हा घाबरू नका. थकलेली स्प्रिंग ताणून लांब करणारे महाभागही भेटतात. ती काही दाबांत पुन्हा बसते, आणि आपण दुरुस्ती केली या समाधानात माणूस राहतो.

आता दुसरा प्रश्न, जास्त ताकदीच्या स्प्रिंगचा. मोठ्या पिस्तुलात थोडं इकडचं तिकडे चालून जातं, छोट्यात नाही. लोकांचं गणित असं असतं: जाड स्प्रिंग म्हणजे धक्का कमी, फ्रेमला मार कमी, स्लाइड मिटण्याची हमी. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे, बाकी व्यवहारात उलटतं. जोरकस स्प्रिंग स्लाइडला मागे जाताना लवकर थांबवते. साधं, मवाळ काडतूस असेल तर स्लाइड पुरती मागे जातच नाही, पुंगळी दारात उभी अडकते किंवा पुढचं काडतूस उचललंच जात नाही. मागचा प्रवास पुरा झाला तरी ती परत येते ती दुप्पट घाईने. स्लाइडचा जाणं-येणं हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो, आणि त्यातल्या अगदी छोट्या तुकड्यात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर ढकलायचं असतं. छोट्या पिस्तुलात स्लाइड मॅगझिनच्या मागे जेमतेम जाते, म्हणून हा तुकडा आणखी लहान. रिकॉइल स्प्रिंग जाड आणि मॅगझिनची स्प्रिंग जुनी, अशी जोडी जमली की स्लाइड काडतुसाच्या वरून निघून जाते किंवा शेवटच्या फैरीनंतर मागे अडकत नाही. मग माणूस मॅगझिनला दोष देत बसतो. फ्रेमचा मारही संपत नाही, त्याची दिशा फक्त बदलते: मागे आदळण्याऐवजी स्लाइड पुढे जास्त जोराने आदळते आणि लॉकचे भाग त्याची किंमत मोजतात.

हलकी स्प्रिंग घालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. बोटांत जोर नाही, स्लाइड ओढवत नाही, म्हणून त्यांना मऊ स्प्रिंग हवी असते. त्यांना मी सांगतो: स्लाइड एका हाताने मागे ओढू नका. ती घट्ट धरून दुसऱ्या हाताने फ्रेम पुढे ढकला. निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच सुटतो. उरलेल्यांनी मुळातच ज्याची स्लाइड ओढायला सोपी जाते असं पिस्तूल घ्यावं. छोट्या ९ मिमीची स्प्रिंग मऊ करून ते साधत नाही.

स्प्रिंगची वेटोळी कापणं हा या सगळ्यावरचा कळस. दोन वेटोळी कापली की स्प्रिंग मऊ होते असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक मिलिमीटरमागे ती ताठरच होते, कारण तेवढंच काम कमी तारेला करावं लागतं. कमी होतो तो मिटलेल्या स्थितीतला शिल्लक ताण, आणि नेमका तोच तर तुम्हाला हवा आहे.

तेव्हा निर्मात्याने त्या नेमक्या मॉडेलसाठी दिलेली ताकद घ्या. ‘नेमक्या’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. एकाच नावाच्या पिस्तुलाच्या पिढ्या बदलतात आणि आतलं सामान बदलतं. ग्लॉकच्या चौथ्या पिढीत मोठ्या पिस्तुलांनाही दुहेरी असेंब्ली आली, ती तिसऱ्या पिढीच्या पिस्तुलात जशीच्या तशी बसत नाही. त्या पिढीच्या सुरुवातीच्या असेंब्ली कंपनीने २०११ मध्ये स्वतःहून बदलून दिल्या होत्या, म्हणजे जुन्या साठ्यातला भाग हाती येणं अशक्य नाही. असेंब्लीच्या बुडावर छापलेला क्रमांक पाहूनच घ्या. तारेच्या जातीचा फार विचार करू नका. साधी म्युझिक वायर, चपटी तार, क्रोम-सिलिकॉन, स्टेनलेस, या प्रत्येकाचे भक्त आहेत. चपटी तार कमी जागेत जास्त प्रवास देते हे खरं. पण कारखान्याने त्या पिस्तुलाला जी तार ठरवली, तिच्यावर चाचण्या झालेल्या असतात. पॉलिमरच्या गाइड रॉडऐवजी स्टीलचा घालण्याचीही गरज नसते, फक्त जुन्या रॉडच्या बुडाशी टवका उडाला असेल तर बदला.

कामाला बसताना पिस्तुलातली आणि खोलीतली काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं करा. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं काडतूस निघून मॅगझिनमधलं दुसरं तिथे जाऊन बसतं. स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. ग्लॉक आणि तशा काही पिस्तुलांत उकलण्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो, आणि घरात गोळी सुटण्याचे अपघात नेमके याच पायरीवर होतात. म्हणून ट्रिगर दाबण्याआधी चेंबर पुन्हा पाहा आणि नळी अशा दिशेला ठेवा जिथे गोळी सुटली तरी कुणाला काही होणार नाही. चष्मा लावा. सुटी स्प्रिंग असलेल्या पिस्तुलात, उदाहरणार्थ १९११ मध्ये, पुढची टोपी स्प्रिंगच्या जोराने सुटून सरळ डोळ्याकडे येते. ती अंगठ्याने दाबून धरून मगच बुशिंग, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेलं कडं, फिरवायचं.

स्लाइड फ्रेमवरून उतरवली की स्प्रिंग बाहेर काढण्याआधी एक फोटो काढून ठेवा. ती कशी बसली होती हे नंतर आठवेल असं प्रत्येकाला वाटतं. गाइड रॉडवर कायमची बांधलेली असेंब्ली असेल तर काम सोपं: जुनी पुढे किंचित दाबून उचला, नवी बसवा. ती उकलून आतली स्प्रिंग तेवढी बदलण्याच्या फंदात पडू नका, ती अख्खीच बदलायची वस्तू आहे. बसवताना रॉडचं बूड नळीखालच्या लगाला (धातूच्या उंचवट्याला) असलेल्या अर्धगोल खाचेत नीट टेकलं पाहिजे. खाचेच्या बाहेर, वरच्या पायरीवर टेकलं तरी स्लाइड फ्रेमवर चढते, पण रॉड वाकडा बसतो आणि स्लाइड जड चालते. बाजूने पाहा: रॉड नळीला समांतर दिसायला हवा.

सुटी स्प्रिंग असेल तर तिच्या टोकांकडे बघा. बऱ्याच स्प्रिंगांचं एक टोक किंचित आवळलेलं असतं, ते गाइड रॉडवर जातं म्हणजे स्प्रिंग निसटत नाही. वॉल्थर पीपीके जातीच्या पिस्तुलांत स्प्रिंग थेट नळीभोवतीच असते. तिथेही टोकं सारखी नसतात, म्हणून काढताना कोणतं टोक चेंबरकडे होतं ते पाहून ठेवा. या जातीत नळी लॉक होत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगा एवढ्याच गोष्टी ब्रीच (चेंबरचं मागचं तोंड) दाबून धरतात. म्हणून तिथे थकलेली स्प्रिंग चालवून घेणं मला मुळीच पसंत नाही.

जुनी स्प्रिंग बाहेर आहे तोवर एक मोजणी करून घ्या. स्प्रिंगशिवाय स्लाइड आणि नळी फ्रेमवर चढवून स्लाइड हाताने पूर्ण मागे न्या, आणि ती कुठवर जाते तिथे फ्रेमवर पेन्सिलने बारीक खूण करा. आता नवी स्प्रिंग घालून तेच करा. स्लाइड त्याच खुणेपर्यंत गेली पाहिजे. आधीच थांबली तर वेटोळी एकमेकांना टेकताहेत, म्हणजे स्प्रिंग चुकीची आहे. अशा स्थितीत फैरी झाडल्या तर प्रत्येक धक्का फ्रेमऐवजी स्प्रिंगच्या गठ्ठ्यावर आणि गाइड रॉडच्या बुडावर बसतो. स्लाइडचा मार झेलायला घालतात त्या रबरी बफरच्या चकत्या छोट्या पिस्तुलात घालू नयेत, त्याचं कारणही हेच: मुळात तुटपुंज्या प्रवासातून त्या दीड-दोन मिलिमीटर खातात.

तेल अगदी पातळ, पुसून उरेल इतकंच. स्प्रिंगवर ग्रीस थापलं तर दारूची काजळी त्यात कालवली जाते आणि थंडीत ते घट्ट होतं.

जोडल्यावर रिकाम्या पिस्तुलावर स्लाइड वीस-पंचवीस वेळा ओढून सोडा. रिकाम्या मॅगझिनने ती मागे अडकते का, सोडल्यावर मिटते का, ट्रिगर आणि सेफ्टी ठीक आहेत का, ते बघा. नवी स्प्रिंग सुरुवातीला हाताला ताठ लागते. स्लाइड रात्रभर मागे अडकवून ठेवली तर लवकर स्थिरावते, त्याने तिचं नुकसान होत नाही.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला. फैरीनंतर स्लाइड मागे अडकली पाहिजे. मग दोन, मग पूर्ण भरलेलं मॅगझिन, आणि जी काडतुसं खरोखर वापरणार आहात तीच. पहिल्या शंभरेक फैरींत मवाळ काडतुसांनी एखाद-दुसरी अडचण आली तर घाबरू नका. पुंगळ्या कुठे पडतात ते आवर्जून बघा आणि लिहून ठेवा. किती फूट लांब पडाव्यात याचे ठोकताळे पुष्कळ सांगितले जातात, पण पिस्तुलागणिक आणि काडतुसागणिक ते बदलतात. उपयोगी पडते ती तुमच्या पिस्तुलाची नव्या स्प्रिंगबरोबरची जागा. पुढे तीच काडतुसं त्याहून लांब जायला लागली की पुढची स्प्रिंग मागवा. पिस्तुलाच्या डब्यात एक चिठ्ठी ठेवा: स्प्रिंग बदलल्याची तारीख आणि त्यानंतरच्या फैरी. जुनी स्प्रिंग मात्र ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवू नका. अशा ठेवलेल्या स्प्रिंगा घाईत पुन्हा पिस्तुलात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वाकवून फेकून द्या.

नवी स्प्रिंग, नवी मॅगझिन स्प्रिंग, स्वच्छ चेंबर आणि चांगली काडतुसं असूनही स्लाइड तिथेच अडकत असेल, तर दुसरी स्प्रिंग मागवू नका. पिस्तूल आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्या आणि त्याला एक्स्ट्रॅक्टरचा ताण, नळीचे लग आणि फ्रेमवरचे रूळ या क्रमाने पाहायला सांगा. थकलेल्या स्प्रिंगवर आधीच्या मालकाने बरंच चालवलं असेल, तर लगांच्या कडा ठोकून पसरलेल्या आणि फ्रेमला स्लाइड आदळते तिथे चकाकते चट्टे दिसतील. केसासारखी बारीक भेग दिसली तर आर्मररने ती पाहीपर्यंत त्या पिस्तुलातून एकही फैर झाडू नका.